मारी-आंत्वान कारेम

मारी-आंत्वान कारेम (८ जून १७८४ – १२ जानेवारी १८३३) हे फ्रेंच मिठाईकार, बल्लवाचार्य आणि पाकशास्त्रावरील ग्रंथांचे लेखक होते. काही ठिकाणी त्यांचे जन्मवर्ष १७८३ असे दिले जाते. फ्रान्सचे मुत्सद्दी तालेराँ, इंग्लंडचे युवराज जॉर्ज, रशियाचे झार पहिले अलेक्झांडर आणि पॅरिसमधील धनाढ्य रॉथशिल्ड कुटुंब यांच्यासाठी त्यांनी स्वयंपाक केला. साखरेच्या तारा, साखर व डिंकाचा लगदा, बदामाचा गोळा आणि भाजलेल्या पिठाचे थर यांतून त्यांनी उभारलेले मंडप, देवळे आणि पडक्या वास्तू हा त्यांच्या कीर्तीचा पहिला आधार होता. केकच्या कडेने लावली जाणारी खाद्य साखर-लेस, साखरेची फुले आणि जाळ्या यांचा इतिहास सांगताना कारेम यांचे नाव टाळता येत नाही.

साखरेच्या शिल्पकामाचे ते जनक मात्र नव्हेत. १५७४ मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा आंरी व्हेनिसला गेला, तेव्हा त्याच्यासमोर साखरेचे रुमाल, साखरेच्या ताटल्या आणि साखरेच्या मूर्ती मांडल्या होत्या. कारेम यांचे वेगळेपण असे, की त्यांनी या कामाला वास्तुशास्त्रातील प्रमाणांची शिस्त लावली आणि ते कागदावर रेखाटून छापले. त्यांनी केलेले साखरेचे एकही काम आज अस्तित्वात नाही. जे काही कळते ते त्यांच्या पुस्तकांमुळे.

बालपण

कारेम यांचा जन्म पॅरिसमध्ये एका गरीब मजुराच्या घरी झाला. घरात मुले पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी होती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुरुवातीच्या वर्षांत, मारी-आंत्वान आठ-दहा वर्षांचे असताना, वडिलांनी त्यांना शहराच्या वेशीपाशी सोडून दिले आणि स्वतःचे नशीब स्वतः काढण्यास सांगितले, अशी हकिगत प्रसिद्ध आहे. एका सामान्य खाणावळीच्या मालकाने त्यांना आसरा दिला. राहण्या-जेवणाच्या मोबदल्यात भांडी घासणे, चूल पेटवणे, भाज्या निवडणे अशी कामे करीत त्यांनी पुढली काही वर्षे काढली.

ही हकिगत मुख्यतः कारेम यांच्या स्वतःच्या आठवणींवर आणि त्यांच्या मित्रांनी त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध केलेल्या लेखनावर आधारलेली आहे. स्वतःची प्रतिमा कशी घडवावी याचे चांगलेच भान त्यांना होते, हे वाचकाने लक्षात ठेवलेले बरे. तरीही दारिद्र्य, तुटलेले घर आणि शालेय शिक्षणाचा अभाव या गोष्टींना त्यांच्या पुढील आयुष्यातून दुजोरा मिळतो. लिहिणे-वाचणे ते पुष्कळसे स्वप्रयत्नानेच शिकले.

बायी यांचे दुकान आणि ग्रंथालय

१७९८ च्या सुमारास कारेम यांना सिल्वँ बायी या नामांकित मिठाईवाल्याकडे उमेदवारी मिळाली. बायी यांचे दुकान पाले-रोयालजवळ, व्हिव्हिएन रस्त्यावर होते. राष्ट्रीय ग्रंथालय तेथून हाकेच्या अंतरावर होते, आणि कारेम यांच्या आयुष्याला या योगायोगाने वळण मिळाले. या होतकरू मुलाला आठवड्यातून ठरावीक वेळी ग्रंथालयातील चित्रसंग्रह पाहण्यासाठी जाऊ देण्याचे औदार्य बायी यांनी दाखविले. गुरू या नात्याने बायी यांचे मोठेपण एवढ्या एका गोष्टीवरूनही ठरावे.

पल्लादियो आणि विन्योला या इटालियन वास्तुविशारदांची रेखाटने, ग्रीक व रोमन स्तंभांचे प्रकार, इजिप्त आणि चीनमधील वास्तूंची चित्रे हे सारे त्यांनी तेथे नकलून घेतले. दिवसा पाहिलेली चित्रे रात्री भट्टीचे काम आटोपल्यावर पीठ आणि साखर यांत उतरवून पाहण्याचा त्यांचा परिपाठ होता. त्यांनी केलेल्या प्रतिकृती बायी आपल्या दुकानाच्या दर्शनी खिडकीत मांडू लागले. रस्त्यावरील लोक त्या पाहण्यासाठी थांबत, आणि सतराव्या वर्षीच कारेम यांच्याकडे दुकानातील जबाबदारीचे काम आले.

पुढे झाँद्राँ यांच्या दुकानात काम करताना त्यांनी एक महत्त्वाची सवलत मिळविली. मोठ्या मेजवान्यांची कामे स्वतंत्रपणे घेण्याची त्यांना मुभा होती. या मेजवान्यांमध्ये अनेक नामवंत आचाऱ्यांच्या हाताखाली ते सूप, मांस, मासे आणि थंड पदार्थ यांचे काम शिकले. नंतर त्यांनी द ला पे या रस्त्यावर स्वतःचे दुकान काढले आणि ते सुमारे दहा वर्षे चालविले.

साखरेचे काम

कारेम यांच्या शोभेच्या रचनांना फ्रेंचमध्ये पिएस माँते, म्हणजे जोडून उभारलेल्या वस्तू, असे म्हणत. मेजाच्या मध्यभागी ठेवलेल्या या रचना काही वेळा दीड-दोन हात उंच असत. त्यांत खाण्याजोगा भाग असे तसाच न खाण्याजोगाही असे. आतला आधार, बैठक आणि खांब पुष्कळदा केवळ पाहण्यासाठीच केलेले असत.

या कामात मुख्यतः दोन प्रकारची साखर वापरली जाई. पहिला प्रकार उकळलेल्या साखरेच्या तारांचा. पाकाच्या पायऱ्या मराठी स्वयंपाकघराला नव्या नाहीत. एकतारी, दोनतारी, गोळीबंद आणि चिक्कीसाठी लागणारा कडक पाक हे सर्व एकाच मार्गावरचे टप्पे आहेत. पाण्याचा अंश जसजसा उडून जातो तसतसे पाकाचे तापमान वाढते, आणि १५० अंश सेल्सिअसच्या आसपास पाक अशा अवस्थेला येतो, की थंड होताच तो काचेसारखा कडक होऊन कट्‌कन तुटतो. या अवस्थेत काट्या-चमच्याने पाक उचलून तेल लावलेल्या आडव्या दांड्यावर झपाझप झुलवला, की केसासारख्या बारीक तारा पडतात. त्या गोळा करून साच्यावर बसवल्या म्हणजे घुमटाची जाळी, कारंज्याचे पाणी किंवा पडद्याची झालर तयार होते. पाकात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर थोडे घातल्यास साखरेचा काही अंश विघटित होतो आणि पाक पुन्हा कणीदार होत नाही. आपल्याकडे पाक आटू लागताच लिंबू पिळतात, त्याचे कारण हेच.

दुसरा प्रकार लगद्याचा. पिठीसाखर, स्टार्च आणि ट्रॅगकंथ नावाचा डिंक पाण्यात भिजवून मळला, की कणकेसारखा गोळा होतो. तो लाटता येतो, कापता येतो, साच्यात दाबता येतो, आणि वाळल्यावर चिनी मातीसारखा टणक होतो. कारेम यांचे स्तंभ, कमानी आणि कठडे या लगद्याचे असत. या लगद्याला फ्रेंच लोक पास्तियाज म्हणतात.

आजची खाद्य साखर-लेस या दुसऱ्या प्रकाराची वंशज म्हणता येईल. पिठीसाखर, मक्याचे पीठ, पाणी आणि डिंकाऐवजी सी.एम.सी. या नावाने मिळणारी भुकटी एकत्र करून पातळसर मिश्रण करतात. नक्षी कोरलेल्या सिलिकॉनच्या चटईवर ते पसरतात, पट्टीने वरचे जादा मिश्रण खरवडून काढतात आणि मंद उष्णतेवर किंवा रात्रभर उघड्यावर वाळवतात. मिश्रणात थोडे ग्लिसरीन किंवा मक्याचा पाक घातलेला असल्याने लेस वाळूनही लवचीक राहते आणि कापडी झालरीप्रमाणे केकभोवती गुंडाळता येते. कारेम यांच्या तारा अशा वाकणाऱ्या नव्हत्या. त्यांना हात लावला की त्या मोडत. सिलिकॉनच्या चटईने आज जे काम काही मिनिटांत होते, त्यासाठी त्यांना लाकडी साचा, सुरी आणि तासन्‌तास स्थिर राहणारा हात यांवर विसंबावे लागे.

साखरेची टंचाई

कारेम यांच्या उमेदीच्या वर्षांत फ्रान्समध्ये साखर ही साधी वस्तू नव्हती. फ्रान्सची बहुतांश साखर कॅरिबियन समुद्रातील सँ-दोमँग या वसाहतीतून येई, आणि ती आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमातून निर्माण होई. ऑगस्ट १७९१ मध्ये तेथील गुलामांनी उठाव केला. त्यातून १८०४ मध्ये हैती हा स्वतंत्र देश जन्माला आला. उठावानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १७९२ मध्ये, पॅरिसमध्ये साखरेच्या भाववाढीवरून दंगे झाले. पुढे इंग्लंडशी चाललेल्या युद्धामुळे व नेपोलियनने १८०६ मध्ये पुकारलेल्या व्यापारबंदीमुळे उसाची साखर आणखी दुर्मीळ झाली. १८१२ मध्ये बेंजामिन दलेसेर यांनी पॅरिसजवळ पासी येथे बिटाच्या साखरेचे उत्पादन यशस्वी करून दाखविले, तेव्हा नेपोलियनने स्वतः तेथे जाऊन त्यांचा गौरव केला.

अशा काळात श्रीमंतांच्या मेजावर साखरेचे देऊळ उभे करणे म्हणजे यजमानाच्या ऐपतीचे प्रदर्शन होते. कारेम यांच्या कलेचे कौतुक करणाऱ्या बहुतेक लेखनात ही बाजू वगळली जाते. उपासमारीत वाढलेल्या माणसाने आपले सर्व कौशल्य बहुतांशी न खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांत ओतावे, ही विसंगती त्यांच्या चरित्रात शेवटपर्यंत राहते.

राजदरबारी

तालेराँ यांच्या घरातील बुशे यांच्यामुळे कारेम यांचा त्या घराशी संबंध आला. तालेराँ हे परराष्ट्रमंत्री होते आणि जेवणाचे मेज हे राजकारणाचे साधन आहे, हे ते पुरते जाणून होते. कोणताही पदार्थ पुन्हा न करता आणि केवळ हंगामी जिन्नस वापरून वर्षभराचे जेवण आखण्याची अट त्यांनी कारेम यांना घातली व कारेम यांनी ती पार पाडली, असे सांगितले जाते. १८१० मध्ये नेपोलियन आणि मारी-लुईझ यांच्या विवाहानिमित्त झालेल्या मेजवान्यांतही त्यांचा सहभाग होता. नेपोलियनला स्वतःला खाण्यापिण्यात फारसा रस नव्हता.

१८१४ मध्ये नेपोलियनचा पाडाव होऊन झार अलेक्झांडर पॅरिसमध्ये आले आणि प्रथम तालेराँ यांच्याच घरी उतरले. तेथे त्यांनी कारेम यांच्या हातचे जेवण घेतले आणि या आचाऱ्याचे नाव युरोपभर झाले.

१८१६ मध्ये इंग्लंडच्या युवराजांनी, म्हणजे पुढील राजे चौथे जॉर्ज यांनी, कारेम यांना मोठ्या वेतनावर बोलावून घेतले. युवराजांचा ब्रायटन येथील प्रासाद तेव्हा जॉन नॅश यांच्या देखरेखीखाली नव्याने घडत होता. भारतीय वास्तूंच्या धर्तीवरील त्याचे घुमट आणि मिनार आजही पर्यटकांना चकित करतात. ग्रंथालयातील चित्रांवरून पूर्वेकडील मंडप साखरेत उतरवणाऱ्या कारेम यांना अशा खऱ्याखुऱ्या प्रासादात काम करावे लागले, हा मोठा चमत्कारिक योग होय. १८ जानेवारी १८१७ रोजी रशियाचे राजपुत्र निकोलस यांच्या सन्मानार्थ तेथे झालेल्या मेजवानीत शंभरांहून अधिक पदार्थ होते आणि त्यांत कारेम यांच्या अनेक शोभेच्या रचनाही होत्या. इंग्लंडची हवा आणि एकटेपणा मात्र त्यांना मानवला नाही. त्याच वर्षी ते पॅरिसला परतले.

१८१९ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला गेले, परंतु तेथील कडक देखरेख त्यांना न रुचल्याने लवकरच निघाले. व्हिएन्नातील ब्रिटिश राजदूत लॉर्ड स्ट्युअर्ट यांच्याकडेही त्यांनी काही काळ काम केले. अखेरीस पॅरिसमध्ये बँकर जेम्स द रॉथशिल्ड यांच्या घरी त्यांना स्थैर्य लाभले. या घरी १८२९ मध्ये आयरिश लेखिका लेडी मॉर्गन जेवावयास आल्या होत्या. मेजावरील एका साखरेच्या स्तंभावर आपले नाव साखरेच्याच तारांनी लिहिलेले पाहून त्या हरखून गेल्या आणि त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात या प्रसंगाची नोंद केली. कारेम यांच्या साखरकामाचे एका पाहुण्याने प्रत्यक्ष पाहून केलेले हे वर्णन विशेष मोलाचे आहे.

ग्रंथ

साखरेची वास्तू एका संध्याकाळपुरती असते. कारेम यांनी ही उणीव रेखाटनांनी भरून काढली. १८१५ मध्ये त्यांचे पहिले दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. ‘ल पातिसिए रोयाल पारिझिएँ’ या ग्रंथात मिठाईच्या कृती आहेत, तर ‘ल पातिसिए पितोरेस्क’ या ग्रंथात शंभरांहून अधिक शोभेच्या रचनांची रेखाटने आहेत. त्यांत चिनी, तुर्की आणि इजिप्शियन धाटणीच्या वास्तू आहेत, कुट्या आहेत, कारंजी आहेत आणि मुद्दाम पडके दाखविलेले अवशेषही आहेत. दगडी वास्तूचा नकाशा काढावा तसे स्तंभाची उंची आणि बैठकीची रुंदी यांचे प्रमाण राखून ती काढलेली आहेत.

१८२२ मध्ये ‘ल मेत्र दोतेल फ्राँसे’, १८२८ मध्ये ‘ल क्विझिनिए पारिझिएँ’ आणि आयुष्याच्या अखेरीस ‘फ्रेंच पाककला एकोणिसाव्या शतकात’ या अर्थाच्या शीर्षकाचा बृहद्ग्रंथ त्यांनी लिहावयास घेतला. त्याचे पहिले तीन खंड त्यांचे असून उरलेले दोन आचारी प्लुमेरे यांनी पूर्ण केले. एस्पान्योल, व्हलूते, आल्माँद आणि बेशामेल या चार मूळ सॉसांची मांडणी करून त्यांपासून इतर सॉस कसे निघतात हे कारेम यांनी दाखविले. पुढे ऑग्युस्त एस्कोफिए यांनी या मांडणीत फेरफार केले, तरी तिचा पाया कारेम यांचाच राहिला.

वास्तुकलेची ओढ त्यांना अखेरपर्यंत होती. सेंट पीटर्सबर्गच्या सुशोभनासाठी त्यांनी केलेल्या वास्तूंच्या आराखड्यांचा संग्रह १८२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो झार अलेक्झांडर यांना अर्पण केलेला आहे. यांतील एकही वास्तू बांधली गेली नाही.

आजार आणि मृत्यू

त्या काळातील मुदपाकखाने बहुधा तळघरात असत. मेजावरील पदार्थ गार होऊ नयेत म्हणून दारे-खिडक्या बंद ठेवीत, आणि सर्व शेगड्या कोळशावर चालत. कोंडलेल्या जागेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. कारेम लहानपणापासून या धुरात वावरले होते. कोळसा आम्हां आचाऱ्यांना मारतो, या आशयाची तक्रार त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. साखरेच्या कामात तर भांड्यावर सतत वाकून राहावे लागते, कारण पाक एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाण्यास फार वेळ लागत नाही.

चाळिशी उलटल्यावर त्यांची प्रकृती ढासळू लागली. रॉथशिल्ड यांच्याकडील नोकरी सोडून त्यांनी उरलेला वेळ ग्रंथलेखनास दिला. अंथरुणाला खिळल्यावर ते मजकूर सांगत आणि त्यांची कन्या मारी तो उतरवून घेई, असे सांगतात. १२ जानेवारी १८३३ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांचे दफन मोंमार्त्र येथील दफनभूमीत झाले.

महाराष्ट्रातील साखरकामाशी साम्य

कारेम यांचा महाराष्ट्राशी काही संबंध नव्हता. तरीही त्यांच्या कामाची मराठी वाचकास ओळख पटावी असे साहित्य आपल्याकडे आहे. गुढीपाडव्याच्या साखरेच्या गाठी हे लाकडी साच्यात दोरा ठेवून, वर पाक ओतून केलेले साखरकामच होय. लग्नातील रुखवतात मांडली जाणारी साखरेची देवळे, तुळशीवृंदावने आणि फळे ही तर पिएस माँतेची सख्खी भावंडे म्हणावी लागतील. ती पाहण्यासाठी असतात, पंगतीत वाढण्यासाठी नव्हेत.

संक्रांतीचे हलव्याचे दागिने हा प्रकार अधिक नाजूक आहे. मंद आचेवर तीळ, खसखस किंवा साबुदाण्याचे दाणे हाताने फिरवत त्यांवर चमच्या-चमच्याने पाक सोडतात. दाण्यावर साखरेचे बारीक काटे उभे राहावेत यासाठी दिवसचे दिवस हे काम चालते. मग हे दाणे दोऱ्यात ओवून किंवा कागदावर चिकटवून तन्मणी, बाजूबंद, कमरपट्टा आणि मुंडावळ्या घडवतात. नववधूचा पहिला संक्रांतसण आणि लहान मुलांचे बोरन्हाण यांसाठी ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील अनेक स्त्रिया घरी बसून असे दागिने करून देतात. हलवा अजूनही काही घरांत कोळशाच्या शेगडीवर करतात. मात्र खिडकी उघडी ठेवून.

याच परिसरात गेल्या काही वर्षांत घरगुती केकचा व्यवसाय वाढला असून साखर-लेसही त्याबरोबर आली. सी.एम.सी.ची लेस अंड्याशिवाय होत असल्याने शाकाहारी घरांतही ती चालते. अडचण हवेची आहे. साखर हवेतील ओलावा शोषून घेते. एका बाजूस ठाण्याची खाडी आणि दुसऱ्या बाजूस उल्हास नदी असलेल्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते, की कारेम यांच्या पद्धतीच्या कडक तारा थोड्याच वेळात चिकट होऊन खाली बसतात. वाळलेली लेससुद्धा शीतकपाटातून बाहेर काढताच तिच्यावर दव धरते व नक्षी विरघळते. त्यामुळे पावसाळ्यात ती हवाबंद डब्यात, बटरपेपरच्या घड्यांत कोरडी ठेवतात आणि केक कापण्याच्या तासभर आधीच त्यावर चढवतात.